एकेक काम जमतं, दोन-तीन एकत्र आली की सगळं सांडतं – २२क्यू डिलीशन, मुलगा वय १५

कृष्णाकाठची

नमस्कार. लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं, आज लिहितेच. मोठं झालं तर सांभाळून घ्या.

मुलगा १५ वर्षांचा, नववीत, मराठी माध्यम. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. त्याला २२क्यू डिलीशन सिंड्रोम आहे, म्हणजे २२ नंबरच्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा जन्मापासूनच नाहीये. डायजॉर्ज, व्हीसीएफएस ही त्याचीच जुनी नावं. फाइलवर तिन्ही नावं लिहिलेली बघून आम्हाला वाटलं पोराला तीन आजार आहेत, त्या रात्री आम्ही दोघं झोपलो नाही. सात महिन्यांचा असताना हार्टचं ऑपरेशन झालं, फॅलोज टेट्रालॉजी होती, म्हणजे हृदयात जन्मजात चार दोष. मग टाळूचं. बोलणं नाकातून यायचं म्हणून स्पीच थेरपी. सहा वर्षांचा झाल्यावर एका डॉक्टरांनी हार्ट, टाळू आणि कमी कॅल्शियम हे तिन्ही एकत्र धरून फिश टेस्ट, म्हणजे गुणसूत्राचा तुकडा गायब आहे का ते बघणारी रक्ताची तपासणी, करायला लावली तेव्हा कुठे नाव कळलं. ते सगळं पार पडलं, पोरगं उभं राहिलं. आता जो प्रश्न आहे तो कुठल्याच ओपीडीत नीट सांगता येत नाही.

गेल्या महिन्यातला एक शनिवार सांगते. मला बँकेत जायचं होतं. त्याला म्हटलं कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर, दूध आलं की तापायला ठेव आणि अकराच्या आत आंघोळ उरक. ही तिन्ही कामं तो करतो हो, एकेक दिलं तर माझ्यापेक्षा नीट करतो. झालं काय, दूधवाला आला, याने पिशवी घेतली, तेवढ्यात आजीचा फोन आला, हा बोलत उभा राहिला, शिट्ट्या ऐकू येत होत्या पण "मोजायचं राहिलं, मग मला कळंना बंद करू का नको". मी आले तर डाळ करपलेली, पिशवी ओट्यावर तशीच, आंघोळ नाही आणि हा गॅसपाशी उभा, डोळ्यात पाणी. मला ओरडायचं होतं पण तोंडातून शब्दच फुटला नाही.

बाजाराचंही तसंच. मारुती चौकात पाठवलं, पोहे आणायचे, माझा ब्लाउज टेलरकडून घ्यायचा आणि फोनचं रिचार्ज. दीड तास झाला तरी पत्ता नाही. शेवटी हे गाडी घेऊन गेले तर रिचार्जचं दुकान बंद होतं आणि हा दुकान उघडायची वाट बघत पायरीवर बसलेला. पोहे नाहीत, ब्लाउज नाही. शाळेत फळ्यावरचं उतरवून घेताना बाई काय सांगतात ते राहतं आणि ऐकत बसला तर वही कोरी.

बोलायला चुणचुणीत आहे. पाढे तीसपर्यंत पाठ, कुठल्या मॅचला कोणी किती रन केले सगळं सांगेल. म्हणूनच लोकांना वाटतं मुद्दाम करतो. शाळेतून "हुशार आहे पण आळशी आहे" असा शेरा वहीवर आला. वहीत तो शेरा त्यानेच मला उघडून दाखवला.

तर विचारायचं हे की कोणाच्या घरी असं मूल आहे का, हा सिंड्रोम नसला तरी चालेल, दुसरा कुठला असला तरी. रोजचं कसं बसवलंत? आणि दुसरं, मी त्याचं सगळं स्वतःच करून टाकते तर ते चुकतंय का?

---

कराडचा बाबा

ताई, वाचून गलबलून आलं. माझी मुलगी १७ ची, डाउन सिंड्रोम. कुकर आणि फोनचा प्रसंग आमच्याकडे जसाच्या तसा झालाय, फक्त डाळीच्या जागी भात होता.

आमच्याकडे चित्रांनी काम झालं. सकाळच्या सात कामांचे सात फोटो काढले, तिचेच फोटो, ब्रश करताना, वेणी घालताना वगैरे, लॅमिनेट करून फ्रिजला मॅग्नेटने लावले. काम झालं की फोटो काढून डब्यात टाकायचा. फ्रिज मोकळा झाला म्हणजे शाळेला निघायचं. आठ महिने लागले पण आता तिची आई सकाळी चहा बसून पिते. तुम्ही हेच करून बघा.

---

वाळव्याचे आबा

पोरी, वाईट वाटून घेऊ नको पण माझं वय ७१ आहे, चार पोरं वाढवली. हल्ली लाड लई होतात. मोबाईल काढून घे, पहाटे पाचला उठव, एक महिना कडक शिस्त लाव, पोरगं सुतासारखं सरळ होतंय की नाही बघ. एवढे पाढे पाठ आहेत म्हंजे डोकं चांगलं आहे.

---

कृष्णाकाठची

आबा, तुमचा राग नाही आला. माझे सासरे हेच म्हणायचे आणि आम्ही ते करून बघितलंय. सातवीत असताना एक अख्खी दिवाळीची सुट्टी पहाटे उठवलं, रोज टाइमटेबल, चुकलं की टीव्ही बंद. झालं एवढंच की तो रात्री झोपेनासा झाला आणि नखं रक्त येईपर्यंत खायला लागला. कामं होती तेवढीच सांडत राहिली. शिस्त कमी पडतीये असं नाही आबा, त्याला करायचं असतं. तेच तर बघवत नाही.

---

मिरजेतली ओटी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, मुलांबरोबर काम करते. ताई, तुम्ही शनिवारचं जे लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की मी आमच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवीन, तुमची हरकत नसेल तर.

मल्टिटास्किंग म्हटलं की लोकांना वाटतं एका हाताने हे आणि दुसऱ्या हाताने ते. रोजच्या जगण्यातलं मल्टिटास्किंग तसं नसतं. हात एकाच कामात असतो, पण बाकीची दोन कामं डोक्यात मागे धरून ठेवायची असतात, मध्येच कोणीतरी फोन करून तोडतं, परत कुठे होतो तिथे यायचं असतं आणि आता हे सोड ते धर असं सांगायला बाजूला कोणी नसतं. तुमच्या मुलाला डाळ शिजवता येत नाही असं नाही. फोन संपल्यावर कामाकडे परत यायचा रस्ता त्याला सापडत नाही.

आबा, हे तुमच्यासाठी खास लिहिते. १९९१ साली लंडनमध्ये शॅलिस आणि बर्जेस या दोघांनी तीन पेशंटचा अभ्यास छापला. तिघांनाही डोक्याला मार लागून मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली. बुद्धीच्या चाचण्यांत तिघं चांगले, बोलणं चांगलं, पण नोकरी-घर काही सांभाळता येईना. मग त्यांना चाचणीच्या खोलीबाहेर काढून बाजारपेठेत सोडलं. हातात यादी, पाव आण, अमुक वेळेला अमुक ठिकाणी उभा राहा, काही माहिती शोधून लिही, विकत घ्यायचं नसेल तर दुकानात शिरू नको. तिथे तिघंही गडबडले. म्हणजे डोकं चांगलं असणं आणि बाजारातून तीन कामं उरकून येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मारुती चौकात ताईंच्या मुलाची नकळत तीच परीक्षा झाली.

त्या तिघांना अपघात झाला होता. २२क्यूच्या मुलांत हीच नियोजनाची बाजू वाढतानाच कच्ची राहते. आणि वयात येताना ते जास्त दिसतं, कारण लहानपणी आई हे त्याचं नियोजन असते. कपडे ती काढते, डबा ती भरते, वेळ ती बघते. नववी-दहावीत जग म्हणतं आता तुझं तू बघ आणि तिथे तो एकदम उघडा पडतो. घसरलेला नसतो, मागण्या वाढलेल्या असतात.

कराडचे दादा, एक गोष्ट मात्र सांगायला हवी. डाउनच्या मुलांची बघून लक्षात ठेवायची ताकद ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा सहसा चांगली असते, म्हणून तुमचे फोटो चालले. २२क्यूत बऱ्याचदा उलटं असतं. शब्द, पाठांतर मजबूत, आणि चित्र, जागा, नकाशा, अंदाज हे कच्चं. पाढे पाठ पण शाब्दिक उदाहरण सुटत नाही असं असेल ना ताई?

---

कृष्णाकाठची

अगदी तसंच!! सत्तावीस नव्वे विचारा, झोपेत सांगेल. पण "एका दुकानदाराने" असं उदाहरण सुरू झालं की पेन खाली.

आणि चित्रांचं आत्ता कळलं मला. पाचवीत असताना एका ठिकाणी सांगितलं म्हणून चित्रांचा तक्ता केला होता, दोन रविवार घालवून, तो त्याच्याकडे बघायचाही नाही. मला वाटलं याला कशाचीच किंमत नाही. खूप बोलले तेव्हा त्याला. आज रात्री जवळ घेऊन बसणार आहे.

---

शाळा एके शाळा

मी तासगाव तालुक्यात हायस्कूलला शिकवते. आधी त्या शेऱ्याबद्दल एक शिक्षक म्हणून तुमची आणि त्याची माफी मागते. साठ मुलांच्या वर्गात आम्हाला बोलणारा मुलगा दिसतो, त्याची अडचण दिसत नाही. हे समर्थन नाही.

वर्गात काय करता येतं ते सांगते कारण माझ्याकडे एक मुलगा होता, कारण वेगळं पण अडचण हीच. फळ्यावरचं उतरवायचं काम मी त्याला दिलंच नाही. शेजारच्या मुलीच्या वहीची झेरॉक्स आठवड्याला एकदा, त्याने फक्त ऐकायचं. सूचना एका वेळी एकच द्यायची, पुस्तक काढा, थांबायचं, पान ४२, थांबायचं, मग तिसरा प्रश्न. आणि गृहपाठ मी तोंडी सांगून निघून जात नव्हते, त्याच्या डायरीत लिहिलाय का बघायचे. याला माझी रोजची चार मिनिटं लागायची, जास्त नाही.

दहावीचं आत्तापासून बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात २२क्यू हे नाव नाही. सर्टिफिकेट सिंड्रोमच्या नावावर मिळत नाही, सिंड्रोममुळे जी अडचण येते तिच्यावर मिळतं, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी किंवा बौद्धिक अक्षमता, त्याच्या तपासणीत जे येईल ते. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरायचा आणि मग सरकारी रुग्णालयात तपासणी. पेपरला तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळू शकतो, लेखनिकही. पण बोर्डाच्या फॉर्मच्या वेळी धावपळ करू नका, नववीतच कागद हातात हवा.

---

मिरजेतली ओटी

बाईंच्या म्हणण्याला पुस्ती. तपासणीला जाताना नुसता आयक्यूचा आकडा घेऊन जाऊ नका. या मुलांचा आकडा पुष्कळदा सत्तर-ऐंशीच्या घरात असतो, ना इकडचा ना तिकडचा, आणि त्यातही शब्दांचा भाग वर आणि बाकीचा खाली असा दुभंगलेला. त्या सरासरीवरून रोजचं काही कळत नाही. व्हीएसएमएस म्हणून एक चाचणी असते, त्यात आई-वडिलांना विचारतात की हा स्वतःचं काय काय करतो, एकटा कुठवर जातो, पैसे सांभाळतो का. ते करून घ्या. आणि तुमचा हा शनिवार जसा इथे लिहिलाय तसा कागदावर लिहून न्या.

---

अजिंक्यताऱ्याखाली

ताई, मी सातारची. माझ्या भावाला २२क्यू आहे, २४ वर्षांचा. इतकी वर्षं मला वाटायचं महाराष्ट्रात आमचं एकच घर आहे. दोन ते चार हजार जन्मांमागे एक असं डॉक्टर म्हणाले होते, मग आपण एकमेकांना का सापडत नाही कळत नाही.

तो आता राजवाड्याजवळ एका पेढ्याच्या दुकानात काम करतो. आधी मालकांनी काउंटरला उभं केलं होतं. गिऱ्हाईक मागतंय अर्धा किलो, दुसरा विचारतोय भाव किती, फोन वाजतोय, सुट्टे द्यायचेत. चार दिवसात तो घरी येऊन म्हणाला मला नाही जायचं. बाबा जाऊन मालकांशी बोलले, लाजत लाजतच. ते चांगले निघाले, त्यांनी आत पॅकिंगला घेतलं. वजन, कागद, झाकण, दोरी, लेबल. एकाच क्रमाने. दोन वर्षं झाली, एक बॉक्स परत आला नाही. दिवाळीत तर तोच बाकीच्यांना शिकवतो. सांगायचं हे की सगळ्या गोष्टी शिकवायच्या मागे लागू नका, काही ठिकाणी कामच बदलून मागावं लागतं आणि ते मागताना मान खाली घालायची नाही. आम्हाला हे फार उशिरा समजलं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. सोळाव्या वर्षी तो एकदम मंदावला होता. कामं अर्धवट, चिडचिड, पाय दुखतात, बोटांना मुंग्या. आम्ही सगळ्यांनी त्याला आळशी ठरवलं, मी पण. रक्त तपासलं तर कॅल्शियम खूप खाली. लहानपणी नॉर्मल झालेलं कॅल्शियम वयात येताना परत पडू शकतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभरात माणसात आला. तुमच्या मुलाचं कॅल्शियम आणि थायरॉइड शेवटचं कधी बघितलंय?

आणि हे लिहिताना हात अडखळतोय पण कोणीतरी आम्हाला वेळेवर सांगायला हवं होतं. या सिंड्रोममध्ये मोठेपणी चारातल्या एकाला स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार होऊ शकतो. म्हणजे चारातल्या तिघांना होत नाही, माझ्या भावाला नाही झालेला. पण मुलगा अचानक गप्प गप्प राहू लागला, संशय घेऊ लागला, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाला किंवा कालपर्यंत जमत होतं ते एकदम जमेना झालं तर वय आहे म्हणून सोडू नका, सरळ सायकियाट्रिस्टकडे. लवकर धरलं तर उपचार चांगले होतात. नेहमीचं सांडणं वेगळं आणि अचानक घसरणं वेगळं, एवढं लक्षात ठेवा.

---

कृष्णाकाठची

तुझे उपकार कसे फेडू. कॅल्शियम शेवटचं अकराव्या वर्षी बघितलंय. उद्याच नेते.

शेवटचं वाचून छातीत धस्स झालं पण कळलं ते बरं झालं. ह्यांनाही वाचायला दिलं.

---

वाळव्याचे आबा

ओटी बाईंचं लंडनचं वाचलं, दोनदा वाचलं. माझा एक चुलत भाऊ होता, शेतात एक काम दिलं की बैलासारखा राबायचा, दोन सांगितली की बांधावर बसून राहायचा. आम्ही त्याला जन्मभर येडा म्हणालो. त्याला काय होतं देव जाणे, आता विचारायला तो नाही. पोरी, तुझ्या पोराला माझा आशीर्वाद सांग. शिस्तीचं बोललो ते मागं घेतो.

---

मिरजेतली ओटी

आबा 🙏

ताई, एकदम सगळं करू नका. एकच गोष्ट निवडा, मी म्हणेन बाजार. यादी लिहून, चित्रं नाहीत, त्याच्याच अक्षरात आणि त्यानेच मोठ्याने म्हणत लिहायची. प्रत्येक कामाखाली एक ओळ "नाही जमलं तर", कारण तो अडतो तो तिथे. झालेलं काम खोडायचं. सुरुवातीला तुम्ही दहा पावलं मागे, मदत मागितल्याशिवाय बोलायचं नाही, हे तुम्हाला त्याच्यापेक्षा जड जाईल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे, सगळं करून देऊ नका आणि सगळं सोडूनही देऊ नका, लक्षात ठेवायचा भाग कागदावर द्या आणि करायचा भाग त्याच्याकडे ठेवा.

---

कृष्णाकाठची

साडेतीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

आधी रिपोर्ट. कॅल्शियम कमीच निघालं, फार नाही पण कमी. गोळ्या सुरू झाल्यात, परत तपासायचंय. थायरॉइड ठीक.

बाजाराचं सांगते. पहिल्या रविवारी मी मागे होते, हरभट रोडला. त्याने यादी हातात धरली आणि घामाने शाई पसरली, मग चिडला, परत आलो. दुसऱ्या वेळी यादी जुन्या आयकार्डच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून गळ्यात, वरून स्केचपेनने खोडायचं, पुसून परत वापरता येतं. ही त्याची कल्पना, माझी नाही. तेव्हा पोहे आणि ब्लाउज झालं, तिसऱ्याला मध्ये त्याचा मित्र भेटला आणि सगळं विसरला पण घरी आल्यावर गळ्यातलं बघून स्वतःच म्हणाला, "आई, एक खोडायचं राहिलंय", आणि परत गेला.

काल मी गेलेच नाही. घरी बसून तेच भांडं तीनदा घासलं. पंचवीस मिनिटांनी फोन आला. "आई, मेडिकल बंद आहे, माझ्या यादीत लिहिलंय बंद असलं तर पुढचं काम करायचं, तर मी पुढचं करतोय, तुला सांगायला फोन केला." मला बोलता येईना, नुसतं बरं बरं म्हटलं. चाळीस मिनिटात घरी. दोन कामं खोडलेली, एकापुढे त्याच्या अक्षरात "बंद, उद्या".

शाळेत बाईंना भेटलो, तासगावच्या बाईंनी लिहिलेलं प्रिंट काढून दिलं. झेरॉक्सचं मान्य झालंय, सूचनांचं अजून नाही. यूडीआयडीचा अर्ज भरला.

स्वयंपाकघराचं मात्र जमलेलं नाही. कुकर आणि दूध एकत्र अजून होत नाही, दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा बेल वाजली आणि दूध उतू गेलं. तूर्त गॅसवर एका वेळी एकच भांडं असा नियम केलाय, माझ्यासाठीही तोच, कारण तो म्हणाला तू पण पाळ.

---

कराडचा बाबा

ताई ते आयकार्ड कव्हर कुठलं, साधं शाळेचं का मोठं? आणि स्केचपेन कुठला, आमचा पुसला जात नाही. मुलीसाठी फोटो आत घालून करून बघतो.

---

कृष्णाकाठची

साधंच दादा, स्टेशनरीत मिळतं ते, जाड प्लास्टिकचं घ्या. पेन व्हाइटबोर्डचा हवा, पर्मनंट घेऊ नका, आमचं पहिलं कव्हर तसंच वाया गेलं. आणि दोरी लांब ठेवा, त्याला खाली मान घालून वाचता आलं पाहिजे.